गोळीच्या जोडीला इसबगोल: लॅबमध्ये नोकरी केलेल्या बाईचं मत

आधी निकाल सांगते. चव, रंग, साखर काहीही न घातलेला साधा इसबगोलचा भुसा कोलेस्टेरॉलसाठी जरूर घ्यावा अशी वस्तू आहे. अटी दोनच. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी चालू ठेवायची, आणि भुसा वजन करून घ्यायचा. यातली एखादी अट जड वाटत असेल तर पोट साफ राहावं म्हणून खुशाल घ्या, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरेल या आशेवर राहू नका.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. नोकरीची सगळी वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर गेली, त्यामुळे लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे, नमुने रोजच हाताखालून जायचे. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवर उभ्या उभ्या एक प्रश्न हमखास विचारायची: "खाणं सुधारलंय आता, गोळी बंद केली तर चालेल का?" उत्तर देणं माझ्या अधिकारात नव्हतं, मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवायची. निवृत्तीनंतर माझ्याच नावाचा रिपोर्ट हातात आला आणि त्या प्रश्नाच्या मुळाशी जायला सवड मिळाली. म्हणून हे परीक्षण. वस्तू एकच आहे, भुसा. पण तो गोळीच्या शेजारी ठेवूनच पारखायला हवा, कारण बहुतेकांच्या घरात तो तसाच घेतला जाणार आहे.

माझी परिस्थिती अशी. पाळी थांबल्यानंतर एलडीएल चढत गेलं आणि १६८ वर पोचलं. (पाळी थांबल्यावर ते वाढतं, हे कितीतरी बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं.) वडिलांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टरांनी सगळ्या गोष्टी धरून हिशेब मांडला आणि ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलीग्रॅम सुरू केली. पुढच्या तपासणीत एलडीएल १०८. माझ्या बाबतीत त्यांना ते १०० च्या खाली हवं होतं. त्या म्हणाल्या, "दोन वाटा आहेत. गोळी दुप्पट करू, नाहीतर राहिलेलं अंतर खाण्यापिण्यातून कापून बघा. तीन महिने मी थांबते."

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. माझी गोळी स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या गटातली. स्टॅटिन कुठलंही असो, डोस दुप्पट केल्यावर एलडीएलमध्ये जादाची घट साधारण ६ टक्क्यांचीच मिळते. मोठं काम पहिला डोस करतो. माझ्या मूळ १६८ चे ६ टक्के म्हणजे सुमारे १०. म्हणजे २० मिलीग्रॅमवर मी ९८ च्या आसपास गेले असते. आता भुशाकडे बघा. रोज १० ग्रॅमच्या आसपास इसबगोल घेतला तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरतं, असं त्याच्यावरचे अभ्यास सांगतात. १०८ चे ७ टक्के धरले तर साडेसात. दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात.

कागदावरचं हे गणित माणसांवरही करून पाहिलेलं आहे. २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ६८ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला सिम्व्हास्टॅटिन १० मिलीग्रॅम, दुसऱ्याला २० मिलीग्रॅम, आणि तिसऱ्याला १० मिलीग्रॅमसोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल. आठ आठवड्यांनी पहिल्या गटाचं एलडीएल सरासरी ५५ नं उतरलं होतं, दुसऱ्याचं ६३ नं आणि तिसऱ्याचंही ६३ नं. अभ्यास लहान आहे, आणि माझ्या मापापेक्षा भुसा जास्त आहे, हे ध्यानात ठेवूनच मी तो वाचते. पण एक गोष्ट त्यात स्वच्छ दिसते. तिसऱ्या गटातल्या कुणाचीही गोळी काढून घेतलेली नव्हती.

भुसा आणि गोळी एकमेकांना इतकी पूरक का ठरतात, याचं उत्तर यकृतात आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि ती जेवणातला स्निग्धांश पचवायला आतड्यात येतात. काम झाल्यावर त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. इसबगोल पाण्यात फुगून दाट, बुळबुळीत जेल होतो. हा जेल त्या पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते मिळवण्यासाठी यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर (एलडीएल पकडणारे रेणू) वाढवून रक्तातलं एलडीएल आत ओढतात. याच रिसेप्टरवरच्या कामासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

मात्र यकृताला कोलेस्टेरॉल मिळवायचा दुसराही मार्ग असतो: ते स्वतःच बनवायचं. भुसा एकटाच घेतला की यकृत तिकडेही जोर लावतं, म्हणून एकट्या भुशाची मजल फार लांब जात नाही. स्टॅटिन नेमका तोच दुसरा मार्ग आवळतं. कोलेस्टेरॉल बनवण्यातलं एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं जे महत्त्वाचं एन्झाइम आहे, त्याला ते रोखतं. एकाने यकृताची गरज वाढवायची, दुसऱ्याने घरची निर्मिती कमी करायची, आणि मग यकृताला रक्तातूनच एलडीएल उचलावं लागतं. मला हे कळलं तेव्हा खरोखर आनंद झाला. इतकी वर्षं मी फक्त शेवटचा आकडा छापत होते.

तरीही दोघांची योग्यता सारखी नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. स्टॅटिनची सुरुवात १९७३ साली झाली, जपानमध्ये अकिरा एंडो यांना पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीत पहिला असा पदार्थ सापडला तेव्हा. १९८७ साली लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, आणि त्यात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळलं. भुशाच्या बाजूला असा पुरावा नाही. त्याचा पुरावा आहे तो रक्तातला आकडा उतरण्याचा. आकडा उतरणं चांगलंच, पण झटका टळणं आणि माणूस जगणं ही वरची पायरी, आणि तिथे गोळीने स्वतःला सिद्ध केलेलं आहे. भुसा मला मनापासून आवडतो. तरी कुणी तो गोळीच्या जागी घ्यायला निघालं तर मी त्यांचा हात धरून थांबवीन.

आता वस्तूकडे.

मी तीन प्रकार वापरून पाहिले: अख्खा भुसा, दळलेली पावडर, आणि फळाच्या चवीची तयार पावडर. कॅप्सूलचाही विचार केला, पण तो पाठीमागचा मजकूर वाचताच सोडला. एका कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ग्रॅम भुसा असतो. १० ग्रॅम गाठायचे तर दिवसाला वीस कॅप्सूल गिळाव्या लागतील. प्रवासात बद्धकोष्ठासाठी दोन-चार ठीक आहेत. कोलेस्टेरॉलसाठी हा प्रकार कामाचा नाही.

चवीची पावडर प्यायला सर्वांत सोपी, गुठळ्या होत नाहीत, वास छान. पण घटकांची यादी वाचा. मी आणलेल्या डब्यात प्रत्येक मापात भुशापेक्षा साखर जास्त होती. माझी उपाशीपोटीची साखर सीमेवर आहे. दिवसातून दोनदा ते पाणी पिणं मला परवडणारं नाही, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) वाढलेल्या कुणालाच परवडू नये. बिनसाखरेच्या प्रकारांत बऱ्याचदा ॲस्पार्टेम असतं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते चालत नाही, बाकीच्यांनी आपापलं ठरवावं.

दळलेली पावडर झपाट्याने घट्ट होते, घशात किंचित खरखरते, आणि डबा उघडताना बारीक धूळ उडते. ही धूळ श्वासावाटे आत जाऊन ॲलर्जी होऊ शकते. रुग्णांना ही पावडर कालवून देणाऱ्या परिचारिकांमध्ये असे प्रकार नोंदले गेलेले आहेत. दमा असेल तर हा प्रकार टाळावा, आणि घेतलाच तर डबा चेहऱ्यापासून लांब धरून उघडावा.

राहिला अख्खा भुसा. हलक्या गुलाबीसर पांढऱ्या पापुद्र्यांसारखा दिसतो, वास जवळपास नाही, चव मातकट म्हणावी इतपत. माझी निवड हीच. पाकिटावर शुद्धतेची टक्केवारी दिलेली असेल तर ती जितकी वरची तितका त्यात बियांचा कचरा कमी. चिमूटभर भुसा पांढऱ्या बशीत पसरून बघा. तपकिरी काळे कण जास्त दिसले तर दुसरं पाकीट घ्या. माझ्या पाकिटाची झिप पहिल्याच आठवड्यात सैल पडली. भुसा ओलावा खेचतो, म्हणून मी लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवला.

पिण्याची कृती सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. मोठा पेला, किमान २५० मिलिलिटर पाणी. एका हाताने ढवळत राहायचं आणि दुसऱ्याने भुसा थोडा थोडा सोडायचा. सगळा एकदम ओतला की वर गोळा होतो, आत कोरडाच राहतो, आणि असा कोरडा गोळा घशात जाणं धोक्याचं. ढवळून झालं की लगेच प्यायचं. दोन-तीन मिनिटं तसंच ठेवलं तर तो पिण्याचा पदार्थ राहत नाही. पेल्याच्या तळाशी भुसा चिकटतोच, त्यात पुन्हा थोडं पाणी घालून तेही प्यायचं. वर आणखी अर्धा पेला पाणी मी न चुकता घेते.

माप हा या सगळ्या परीक्षणाचा गाभा आहे. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इसबगोलच्या पदार्थांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याचा उल्लेख करायला परवानगी दिली, ती दिवसाला त्यातला ७ ग्रॅम विरघळणारा तंतू (फायबर) या मापाला धरून. तेवढा तंतू मिळायला सुमारे १०.२ ग्रॅम भुसा लागतो. आणि आपण मोजतो चमच्याने. मी एकाच चमच्यात अख्खा भुसा आणि पावडर घेऊन डिजिटल वजनकाट्यावर ठेवली, तर पावडर जवळपास दुप्पट भरली. सपाट चमचा की शिगोशीग, यानेही बराच फरक पडतो. "मी रोज एक चमचा घेते, पण काही उपयोग नाही" असं म्हणणारी बाई बहुधा दोन ग्रॅम घेत असते. दोन ग्रॅमने शौचाला बरं वाटेल, एलडीएलला पत्ता लागणार नाही. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर एकदाच वजन करा, तेवढा भुसा कुठल्या वाटीत कुठपर्यंत येतो ते बघून खूण करा, आणि पुढे त्या खुणेने चाला.

पहिल्या दिवसापासून १० ग्रॅमवर उडी मारू नका. मी संध्याकाळच्या जेवणाआधी ३ ग्रॅमपासून सुरुवात केली आणि काही आठवड्यांत दोन्ही जेवणांआधी ५-५ ग्रॅमवर आले. सुरुवातीला पोट फुगतं, गॅस होतो. माप हळूहळू वाढवलं आणि दिवसभर पाणी नीट प्यायलं की ते निवळतं. जेवणाआधी घ्यायचं कारण सरळ आहे: पित्ताम्लं जेवणाबरोबर आतड्यात येतात, तेव्हा जेल तिथे हजर हवा.

वेळेबद्दल मात्र पाकिटं जे सांगतात त्यावर माझा आक्षेप आहे. मी पाहिलेल्या बहुतेक पाकिटांवर छापलेलं होतं, "रात्री झोपताना एक ते दोन चमचे". पोटासाठी म्हणून ती जुनी सवय असेल. पण कितीतरी लोकांची स्टॅटिनची गोळीही झोपतानाच असते. भुशाचा जेल जसा पित्ताम्लं धरतो तसा औषधाचं शोषणही कमी करू शकतो. १९९१ साली लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या काही रुग्णांनी सोबत पेक्टिन (फळांतला विरघळणारा तंतू) किंवा ओटचा कोंडा खायला सुरुवात केल्यावर त्यांचं एलडीएल उलट वाढल्याचं नोंदलं गेलं, आणि तंतू थांबवल्यावर ते पुन्हा उतरलं. म्हणून भुसा आणि कुठलीही गोळी यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं. थायरॉइडच्या गोळीसाठी चार तास धरावेत. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हृदयाची डिगॉक्सिन, मानसिक आजारावरची लिथियम, फिट्सची कार्बामाझेपिन यांतलं काही चालू असेल तर भुसा सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा.

ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, त्यामुळे ती दिवसाच्या कुठल्याही ठरावीक वेळी चालतात. सिम्व्हास्टॅटिनचं तसं नाही, ती रात्रीच घ्यायची असते. मी डॉक्टरांना विचारून माझी गोळी सकाळी उठल्या उठल्या घ्यायला लागले. भुसा दुपारी आणि संध्याकाळी. अंतर आपोआप पाळलं जातं, घड्याळ बघत बसावं लागत नाही.

आता रिपोर्ट. इथे मला लॅबचा अनुभव उपयोगी पडला. एकाच माणसाचं एलडीएल, खाणं-औषध काहीही न बदलता, दोन तपासण्यांत ७-८ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. ते यंत्राचं चुकणं नसतं, शरीरच तसं असतं. ट्रायग्लिसराइड तर २० टक्क्यांनीही हलतं. आणि भुशाकडून आपल्याला मिळणार आहेत ५ ते १० टक्के. म्हणजे वस्तूचा परिणाम आणि शरीराची नैसर्गिक चढउतार जवळपास सारख्याच आकाराची! एका रिपोर्टवरून भुशाला डोक्यावर घेणं चूक आणि एका रिपोर्टवरून तो फेकून देणंही चूक. लोक नेमकं हेच करतात.

म्हणून मी दोन बदल एकदम केले नाहीत. आधी फक्त आहारातली चरबी बदलली, भुसा नाही. रिपोर्ट आला १०३. १०८ वरून १०३ हा फरक एकट्याने काहीच सिद्ध करत नाही, पण दिशा ठीक होती. मग खाणं तसंच ठेवून भुसा पूर्ण मापाने सुरू केला. काही आठवडे स्थिर घेतल्यावर तपासणी केली, ९५. पुन्हा काही दिवस जाऊ देऊन खात्रीसाठी आणखी एक, ९७. दोन्ही जवळ जवळ आले तेव्हा मला भरवसा वाटला. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड जागचे फारसे हलले नाहीत, आणि भुशाकडून ती अपेक्षाही नसावी. डॉक्टरांनी चारही रिपोर्ट ओळीने मांडून पाहिले आणि गोळी १० वरच ठेवली.

तुम्हीही असं करणार असाल तर सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा. काही ठिकाणी एलडीएल थेट मोजतात, काही ठिकाणी फ्रीडवाल्ड यांच्या १९७२ च्या सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर ते सूत्र लागूच पडत नाही. नुकताच ताप किंवा मोठं आजारपण झालं असेल तर थांबा, त्या काळात एलडीएल खोटं कमी दिसतं. आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी तपासायचं असतं. आठवड्याभरात धावत जाण्यात अर्थ नाही.

चरबी बदलली म्हणजे काय केलं, ते थोडक्यात. लोणी, मलई, पामतेलातली बिस्किटं बंद. पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, नारळाच्या तेलात ८० टक्क्यांहून जास्त. संपृक्त चरबीने यकृतावरचे तेच एलडीएल रिसेप्टर मंदावतात, जे वाढवायला आपण गोळी आणि भुसा दोन्ही घेतो आहोत. त्या जागी द्रवरूप राहणारी वनस्पती तेलं, मूठभर सुकामेवा, रोज एखादं कडधान्य, आणि नाश्त्याला ओट किंवा बार्ली. ओट-बार्लीतला बीटा-ग्लुकन हा भुशाच्याच जातकुळीचा तंतू आहे, दिवसाला ३ ग्रॅम मिळाला तर तोही एलडीएल थोडं उतरवतो. शिवाय उकळून, न गाळता केलेली कॉफी सोडली. तिच्यातल्या कॅफेस्टॉलने एलडीएल वाढतं, कागदी गाळणीतून गाळलेल्या कॉफीत ते राहत नाही. ही गोष्ट मला डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या पत्रकावर कधीच दिसली नव्हती.

आहारानेच सगळं होतं असं सांगणारे एक अभ्यास हमखास पुढे करतात. टोरांटो विद्यापीठातले डेव्हिड जेनकिन्स यांचा, २००३ चा. चिकट तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल एकत्र असलेल्या आहाराने महिन्याभरात एलडीएल २८.६ टक्के उतरलं, आणि लोव्हास्टॅटिनने ३०.९ टक्के. आकडे खरे आहेत आणि काम मोलाचं आहे. पण त्या ४६ लोकांचा आहार फार काटेकोरपणे आखून दिलेला होता. त्याच चमूने २०११ साली लोकांना फक्त सल्ला देऊन घरी पाठवलं, तेव्हा सहा महिन्यांनी घट १३-१४ टक्के होती. घरच्या आयुष्यात मिळते ती ही घट. तीसुद्धा मला मोठीच वाटते, गोळीच्या वर मिळाली तर. अनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेल्यांना, ज्यांचं एलडीएल तरुणपणीच १९० च्या वर असतं, त्यांना या घटीवर भागवता येणार नाही.

"नैसर्गिक" म्हणून विकली जाणारी लाल यीस्ट तांदळाची कॅप्सूल स्टॅटिनसोबत घेऊ नका. तिच्यात मोनॅकोलिन के असतं, आणि ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच. न कळत दुहेरी डोस होतो. ग्रेपफ्रूटचा रसही सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटोरव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतो.

भुसा कुणी घेऊ नये? ज्यांना गिळायला त्रास होतो, अन्ननलिका किंवा आतडं अरुंद झालंय, आतड्याला अडथळा होऊन गेलाय, त्यांनी नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी डॉक्टरांशिवाय नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी सुरुवातीला साखर लक्षपूर्वक तपासावी, कारण भुशाने तीही थोडी उतरते. आणि भुसा प्यायल्यावर छातीत दुखलं, उलटी झाली, गिळता किंवा श्वास घेता येईनासं झालं तर थेट दवाखाना गाठा.

गुण पाचपैकी चार. वस्तू आपलं काम चोख करते, म्हणून चार. पाचवा मी पाकिटामुळे राखून ठेवला. माझ्या पाकिटाच्या मागे शेतातलं चित्र आहे, शुद्धतेची शपथ आहे, "हृदयासाठी उत्तम" असं ठळक अक्षरात आहे. ग्रॅममध्ये माप नाही, इतर औषधांपासून दोन तास अंतर ठेवा ही ओळ नाही, पेलाभर पाण्याशिवाय घेऊ नका हा इशारा बारीक अक्षरात घडीच्या आत गेलाय. हृदयाचं नाव घेऊन विकायचं तर गोळी घेणाऱ्या माणसाच्या हातात हे पाकीट जाणार हे गृहीत धरायलाच हवं. तीन ओळी आणि त्यांचा नेमका मजकूर मी कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहून पाठवलाय. पाकीट बदललं की पाचवा गुण देईन.